शिडी कुठवर जाते? कोल्हापूरचा फुटबॉल आणि लहान गावाचा क्लब

(वाशीम इथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, वाशिमात फुटबॉल? काहून?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे संध्याकाळी मैदानावर क्रिकेट असतं, व्हॉलीबॉल असतो. कबड्डीचे सामने असले की मंडप पडतो, बक्षिसं लागतात, रात्री उशिरापर्यंत माणूस हलत नाही. फुटबॉलसाठी कोणी मंडप टाकत नाही. तरी मी आज फुटबॉलवर बोलणार आहे, कारण त्यातून मला एक प्रश्न विचारायचा आहे. लहान गावाचा एखादा संघ असतो, गाव त्याला 'आपला' म्हणतं. असा संघ टिकतो कशावर, आणि वाढतो कशावर? पैशावर, प्रेमावर, की आणखी कशावर?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायला एकच गाव आहे. आपल्या स्टेशनावरून नागपूर-कोल्हापूर गाडी जाते. त्या गाडीत बसून शेवटच्या स्टेशनावर उतरा.

कोल्हापूरचा फुटबॉल हा तालमींचा फुटबॉल आहे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, लाल मातीचा हौदा. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. पण तालीम म्हणजे नुसती कुस्ती नाही. गणपती तिथेच बसतो, भांडण तिथेच मिटतं, महापूर आला की तिथलीच पोरं पाण्यात उतरतात. आणि याच तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. शिवाय प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडीचा संघ आहे. नावं नीट ऐका. एकाही नावात 'युनायटेड' नाही, 'वॉरियर्स' नाही. पेठेचं, देवाचं, तालमीचं नाव आहे.

हे सामने होतात शाहू स्टेडियमवर. स्पर्धा घेते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए. वरच्या गटात १६ संघ. दोन मोठ्या संघांचा सामना असला की दुपारपासून पेठेतले रस्ते एकाच दिशेला वाहायला लागतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी साठीतले एक गृहस्थ बसले होते. मी त्यांना विचारलं, "कोण जिंकेल?" ते म्हणाले, "ते नंतर बघू. आधी सांगा, तुम्ही कुठल्या पेठेचे?" मी म्हटलं, वाशीमचा. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग आमच्याकडनं बसा." (हशा) मी बसलो. नव्वद मिनिटांत मला त्या पेठेचं करून टाकलं त्यांनी.

तर एवढं प्रेम तिथे आहे. आता या प्रेमाबद्दल आपण काय बोलतो आणि काय लिहितो, त्यावर माझी टीका आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलवर दोनच प्रकारचं लेखन होतं. पहिला प्रकार गौरवाचा. फुटबॉलची पंढरी, रांगडा खेळ, रांगडी माणसं. विश्वचषक आला की पेठांतल्या भिंती मेस्सी आणि नेमारच्या चित्रांनी कशा रंगतात, त्याचे फोटो. दुसरा प्रकार दटावणीचा. हुल्लडबाजी झाली, दगड आले, समर्थक भिडले, पोलिसांना धावावं लागलं, खेळाला काळिमा लागला. एकाच पानावर डावीकडे गौरव आणि उजवीकडे दटावणी असं सुद्धा दिसतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की संबंध आहे. पण तो दाखवायला मला जरा लांबून यावं लागेल. इटलीतून. धीर धरा, परत येतो.

इटलीत आब्रुत्झो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे कास्तेल दी सांग्रो नावाचं गाव आहे. लोकसंख्या पाच-सहा हजार. म्हणजे आपल्या रिसोडच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. या गावाचा फुटबॉल क्लब गावपातळीच्या साखळीतून एकेक पायरी चढत १९९६ च्या उन्हाळ्यात 'सेरी बी'मध्ये गेला. सेरी बी म्हणजे देशातली दुसऱ्या क्रमांकाची साखळी. वर फक्त सेरी ए, जिथे युव्हेंटस आणि मिलान खेळतात. शेवटची पायरी चढायला आस्कोलीविरुद्ध सामना होता. तो पेनल्टीवर गेला. प्रशिक्षक ओस्वाल्दो याकोनी यांनी अगदी शेवटच्या क्षणी गोलकीपर बदलला, राखीव गोलकीपर आत आणला, आणि त्यानेच पेनल्टी अडवून सामना जिंकून दिला. पुढच्या हंगामात हे गाव तोरिनो आणि जेनोआ या नामांकित क्लबांशी बरोबरीने खेळत होतं.

त्या हंगामात जो मॅक्गिनिस नावाचा अमेरिकन लेखक तिथे जाऊन राहिला. १९९४ च्या विश्वचषकात रॉबेर्तो बाज्जोचा खेळ बघून हा गृहस्थ फुटबॉलच्या नादी लागला होता. त्याचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. नाव 'द मिरॅकल ऑफ कास्तेल दी सांग्रो'. कास्तेल दी सांग्रोचा चमत्कार. पुस्तक वाचायला घेतलं की खाली ठेवत नाही, हे आधी मान्य करतो. गावाचं मैदान सेरी बीच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून सुरुवातीचे 'घरचे' सामने दूर किएती शहरात जाऊन खेळावे लागले. हंगामाच्या मध्यात दोन खेळाडू मोटार अपघातात गेले. तरीही संघ त्या वर्षी तगला, खाली उतरला नाही. हे सगळं त्याने जीव लावून लिहिलं आहे.

पण पुस्तकात दोन दोष आहेत, आणि दोन्ही आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला दोष म्हणजे लेखक पाहुणा म्हणून गेला आणि मालक होऊन बसला. प्रशिक्षकाला संघ कसा निवडायचा ते सांगायला लागला. शेवटचा सामना बारी संघाशी होता. बारीला वरच्या साखळीत जायला तो जिंकणं हवं होतं, कास्तेलचं स्थान आधीच पक्कं झालं होतं. कास्तेल हरलं. खेळाडूंनी सामना सोडून दिला, असा आरोप लेखक पुस्तकात करतो आणि आपल्याच लाडक्या खेळाडूंवर आगपाखड करतो. आरोप खरा की खोटा, हे इथे बसून आपण ठरवू शकत नाही. पण त्याच्या रागाचा सूर ऐका. त्याला गावातून परीकथा हवी होती. गावाने परीकथेसारखं वागायचं नाकारलं, म्हणून तो चिडला. आपले लोक कोल्हापूरबद्दल हेच करतात. आधी पंढरी म्हणायचं, मग पंढरीतली माणसं माणसांसारखी वागली की दटावायचं.

दुसरा दोष नावातच आहे. चमत्कार. मला हा शब्द मान्य नाही. चमत्कार म्हणजे ज्याला नियम नाही तो. इथे तर नियमच होता. जो जिंकेल तो वर जाईल, जो हरेल तो खाली येईल. गाव पाच हजारांचं असो की पन्नास लाखांचं. पैसा लागला, त्या क्लबमागे पिएत्रो रेझ्झा नावाचे धनिक होते. शिस्त लागली, नशीबही लागलं. पण या सगळ्याच्या खाली एक शिडी होती, आणि ती गावच्या मैदानातून निघून थेट देशाच्या माथ्यावर जात होती. रेझ्झांकडे दुप्पट पैसा असता आणि शिडी नसती, तर त्यांनी काय केलं असतं? गावात एक मोठा चषक भरवला असता.

आता कोल्हापुरात परत या. कोल्हापुरात किती चषक आहेत? सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक, महापौर चषक, नेताजी चषक, राजेश चषक. यादी आणखी लांबेल. काही चषकांचं नाव वाचलं की मतदारसंघही कळतो. (हशा) मी हे कुचेष्टेने म्हणत नाही. या आश्रयामुळे खेळ जिवंत राहिला. दिवंगत आमदार चंद्रकांत जाधव तर स्वतः फुटबॉल खेळलेले होते. पण बघा, दहा चषक असले तरी ते एकाच मजल्यावर आहेत. हा जिंकला म्हणून कोणी वर जात नाही. पुढच्या महिन्यात तेच संघ, तेच स्टेडियम, दुसरा चषक.

केएसएच्या साखळीत शिडी आहे, हे मी विसरलेलो नाही. ए, बी, सी, डी, ई अशा पायऱ्या आहेत. तळाचा संघ खाली उतरतो, खालचा वर येतो. लीगच्या शेवटी खाली उतरण्याच्या भीतीने पेठांची झोप उडते. म्हणजे शिडीची किंमत कोल्हापूरला नेमकी ठाऊक आहे. फक्त ती शिडी धाब्यावर जात नाही. शाहू स्टेडियमच्या भिंतीला टेकते आणि संपते. राज्यपातळीवर स्पर्धा होतात, जिल्ह्याचे निवडक संघ जातात. पण पेठेचा संघ, पेठेच्या नावाने, वर्षानुवर्षं जिंकत देशाच्या वरच्या साखळीत जाईल, असा मळलेला रस्ता नाही. आजवर कोल्हापूरच्या एकाही तालमीचा संघ आय-लीगमध्ये खेळलेला नाही.

याचा परिणाम काय होतो? शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्ष्या जुनी आहे. ज्या संघापुढे पुढच्या वर्षी पुणे, गोवा, कोलकाता असणार आहे, त्याला शेजारची पेठ हा एक प्रतिस्पर्धी असतो. ज्याच्यापुढे काहीच नाही, त्याला शेजारची पेठ हेच सगळं जग असतं. चुलीवरच्या भांड्याला वाफ जायला वाट नसली की झाकण उडतं. मी दगड मारणाऱ्याची बाजू घेत नाही. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. आणि शिडी असली म्हणजे दंगा होत नाही असंही नाही, इटलीतही होतो. पण नुसती दटावणी करणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं की या पोरांची ईर्ष्या जायला दुसरी जागा आपण ठेवली होती का?

पैशाचंही तेच. गेली काही वर्षं कोल्हापूरच्या संघांत आफ्रिकेतून आलेले खेळाडू दिसतात, गोव्याचे, बंगालचे दिसतात. त्यांच्या येण्याला माझी हरकत नाही, खेळ बघायला छान होतो. पण खर्च वाढतो तो त्याच चषकासाठी. शेजाऱ्याने एक आणला म्हणून आपण दोन आणायचे. लग्नातल्या जेवणावळीसारखं.

आणि खेळाडू? २०१७ मध्ये आपल्या देशात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. साऱ्या कोल्हापूरला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण तो घडला पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळला तो जमशेदपूरसारख्या दूरच्या संघांकडून. खेळाडूला शिडी आहे, संघाला नाही. पोरगा चढतो, पेठ खालीच उभी राहून टाळ्या वाजवते.

इथे कोणी म्हणेल, सर, हे सगळं व्यावसायिक करून टाका. कंपनी आणा, मालक आणा. त्याचंही उत्तर महाराष्ट्रात मिळालेलं आहे. पुण्यात पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, चांगला खेळला, २०१५ च्या सुमारास त्याचा मुख्य संघ बंद झाला. भारत एफसी आय-लीगचा एक हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांत गेला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, मग तोही गेला. एका शहरात बारा वर्षांत चार क्लब आले आणि गेले. कंपनीचा हिशेब बदलला की क्लब संपतो, कारण त्याच्याखाली पेठ नसते. इकडे पाटाकडील आणि दिलबहार या सगळ्यांच्या आधीही होते आणि आजही आहेत.

म्हणजे पुण्याकडे छप्पर होतं, पाया नव्हता. कोल्हापूरकडे पाया आहे, वर जायला जिना नाही.

गोव्याकडे तर दोन्ही होतं. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा. जुने क्लब, हक्काचे प्रेक्षक, राष्ट्रीय विजेतेपदं. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने आराखडा मांडला की यापुढे आयएसएल वर, आय-लीग खाली, आणि खालून वर जायला वाट नाही. हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. कारण उघड होतं. जिंकून जायचं कुठे? शिडी काढून घेतली की कसलेला गडीही मैदानातून उठतो, हे गोव्याने दाखवलं.

इटलीत उलटं उदाहरण आहे. पार्मा हा मोठा क्लब २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला. नव्या नावाने थेट चौथ्या पायरीवर, सेरी डीमध्ये उभा राहिला. लागोपाठ तीन वर्षं चढत २०१८ मध्ये परत सेरी एमध्ये आला. शिडी असली की पडलेल्यालाही उठता येतं. पुण्याच्या क्लबांना खाली उतरून टिकायला जागाच नव्हती, म्हणून ते थेट नाहीसे झाले.

आता माझ्या म्हणण्यावरचे दोन आक्षेप मीच मांडतो. पहिला आक्षेप: कागदावर शिडी आता आहे की. आयएसएल, आय-लीग, आय-लीग २ आणि २०२३ पासून आय-लीग ३. खरं आहे. आय-लीग जिंकून २०२३ मध्ये पंजाब एफसी वर गेला, आयएसएल सुरू झाल्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी गेलेला पहिला संघ. पण या शिडीची सगळ्यात खालची पायरी तालमीच्या अंगणात नाही. राज्य संघटनेची शिफारस, परवान्याच्या अटी, मैदान, प्रवासाचा खर्च. पायरी छातीएवढ्या उंचीवर आहे. उडी मारू शकेल त्यालाच ती शिडी.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. वारीला जाणारा माणूस बढती मागतो का? पेठेच्या संघावर प्रेम करायला वरची साखळी कशाला हवी? उद्या शिडी आली तर पेठेतली पोरं बाहेर जातील, विकतचा संघ उभा राहील, तालमीचं तालीमपण जाईल. कास्तेललाही किंमत मोजावी लागलीच. दोन हंगामांनंतर ते सेरी बीतून खाली उतरले आणि नंतर उतरतच गेले. या आक्षेपापुढे मी थोडा गप्प होतो. पण पूर्ण नाही. कारण 'आपलं आहे तेच बरं' असं म्हणताना 'आपलं' म्हणजे कोण, हेही बघावं लागतं. २०१८-१९ मध्ये देशातल्या महिलांच्या सर्वोच्च लीगमध्ये, इंडियन विमेन्स लीगमध्ये, एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला. कोल्हापूरचं नाव देशाच्या वरच्या साखळीत मुली घेऊन गेल्या. का? त्यांच्या वाट्याला पेठ, चषक आणि भरलेली गॅलरी फारशी आली नव्हती, पण त्यांच्यासाठी वरची पायरी हाताला लागेल अशी होती. पंढरीच्या गौरवलेखनात त्यांना किती ओळी मिळतात, ते तुम्हीच मोजा.

शेवटी आपल्या घरी येतो. शिडी म्हणजे काय, हे वाशीमला माहीत नाही असं नाही. सुब्रतो चषक घ्या. हवाई दलाने १९६० मध्ये सुरू केलेली शालेय फुटबॉल स्पर्धा. आपल्याकडे जिल्ह्याची फेरी, तिथून अमरावती विभाग, तिथून राज्य, आणि शेवट दिल्लीत. मानोऱ्याची किंवा मंगरूळपीरची एखादी शाळा जिंकत राहिली तर तिला दिल्लीपासून कोणी अडवू शकत नाही. ती जाईल की नाही, हा वेगळा प्रश्न. वाट आहे. विचित्र गोष्ट बघा, नववीतल्या पोराच्या शाळेला जी शिडी आहे, ती हजारो लोकांसमोर खेळणाऱ्या पाटाकडीलला नाही. आणि त्या पोरालाही ती सतराव्या वर्षापर्यंतच. शालेय स्पर्धांत फार तर एकोणीस.

माझ्या ओळखीत एक पोरगा आहे, शाळेच्या संघात गोलकीपर होता. विभागापर्यंत गेला होता. परवा भेटला, सोयाबीनच्या हंगामात अडत्याकडे काट्यावर बसतो. मी विचारलं, खेळतोस का? म्हणाला, "सर, कोणासाठी खेळू?" त्याने 'कशासाठी' नाही म्हटलं. 'कोणासाठी' म्हटलं. त्याला संघच उरला नाही.

त्या पोराला एकट्याला मी काहीच सांगू शकत नाही. गावाला सांगू शकतो. आपल्याकडे कास्तेल दी सांग्रो होणार नाही, कोल्हापूरही होणार नाही. पण सहा तालुक्यांचे सहा संघ, वर्षाला एक साखळी, आणि जो जिंकेल तो अकोला-अमरावतीच्या विजेत्याशी खेळेल, एवढा एक नियम आपण करू शकतो. चषक मोठा नको. बक्षीस मोठं नको. पाहुणे तर मुळीच नकोत. (हशा) फक्त जिंकलेल्याला पुढचा सामना मिळाला पाहिजे.

तो पुढचा सामना देणं हे महासंघाचं, संघटनेचं आणि आपलं काम आहे. चमत्काराची वाट बघत बसलो, तर काट्यावर बसणारी पोरं दरवर्षी वाढत जातील.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. फक्त कोणत्या पेठेचे, ते आधी सांगा.